आधी वायर जोडा, मग पैसे मागा

“गिटार अशीच वाजते, मॅडम. हात बसला की आवाज जाईल.”

नाशिकमधल्या एका वाद्यांच्या दुकानात मला हे ऐकवलं गेलं. बेचाळीस हजार रुपये मोजून घेतलेल्या सेमी-हॉलो गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की कर्रर्र करत होती. पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की तीच तार स्वच्छ बोलायची. मोकळ्या तारेला डावा हात लागतच नाही, मग हात बसण्याचा प्रश्न येतो कुठून? दोष नटच्या खाचेत होता, ती गरजेपेक्षा खोल कापली गेली होती. ज्याला एवढं कळत नाही, त्याने वाद्यं विकायला बसू नये. आणि कळत असूनही जो दोष गिऱ्हाइकाच्या हातावर ढकलतो, तो तर सरळसरळ फसवतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. पस्तीस ते सत्तर हजारांच्या टप्प्यात मिळणाऱ्या सेमी-हॉलो गिटार आज चांगल्या आहेत. माझ्या कॉलेजच्या दिवसांत या पैशात असं वाद्य मिळेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. बिघडला आहे तो विकण्याचा धंदा. दुकानदार सीलबंद खोकं विकतो. त्या खोक्यातल्या वस्तूचं वाद्य करण्याचं शेवटचं काम तो करत नाही, कारण आपण त्याच्याकडे ते मागत नाही.

मला ही गिटार कशाला हवी होती तेही सांगते. मी बँकेत नोकरी करते, इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि अकरा वर्षं आमच्या भावगीतांच्या संचात साथ करते. तबला, पेटी, दोन गाणारे आणि मी. सॉलिड बॉडीची गिटार या मेळात टोचते, तिचा आवाज पेटीच्या अंगावर धावून जातो. अकूस्टिक घेतली तर माइकसमोरून हलता येत नाही, आणि साउंडवाल्याने आवाज जरा चढवला की हॉलभर शीळ घुमते. सेमी-हॉलोचा आवाज गोल असतो, शब्दांना जागा देतो. शिवाय रात्री अकराला अ‍ॅम्पशिवाय वाजवली तरी ती मला पुरेशी ऐकू येते आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडत नाही. फ्लॅटमध्ये राहून, नोकरी सांभाळून रियाज करणाऱ्याला यापेक्षा सोयीचं इलेक्ट्रिक वाद्य मला माहीत नाही.

तर मी दुकानात गेले. पहिला प्रश्न आला, “मुलासाठी घ्यायचीय का?” चाळिशीची बाई स्वतःसाठी गिटार घेते हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. स्वतःसाठीच, असं सांगितल्यावर त्यांनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. लाल, सनबर्स्ट, काळी. सेमी-हॉलो दुकानात ठेवत नाही, मागवावी लागेल, निम्मे पैसे आगाऊ, आठ दिवसांत येईल, परत घेतली जाणार नाही. मी विचारलं, मधे ठोकळा आहे का? उत्तर मिळालं, “आतून पोकळच असते ती.”

या एका उत्तरावरून मी तिथून उठायला हवं होतं. मी उठले नाही, ही माझी चूक. पण ते उत्तर किती चुकीचं आहे हे प्रत्येक घेणाऱ्याला कळायला हवं, म्हणून जरा मागे जाते.

पोकळ इलेक्ट्रिक गिटारचं दुखणं तिच्या जन्माइतकंच जुनं आहे. गिब्सनने १९३६ साली ईएस-१५० बाजारात आणली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. चार्ली ख्रिश्चनने ती बेनी गुडमनच्या संचात वाजवली आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने ऐकू येऊ लागली. पण आवाज एका हद्दीपलीकडे नेला की स्पीकरमधला सूर गिटारची पेटी हलवतो, पेटी तारांना हलवते, तारांचा आवाज पिकअपमधून पुन्हा स्पीकरवर जातो. हे चक्र एकदा सुरू झालं की गिटार हंबरायला लागते. १९४०च्या सुमारास लेस पॉलने न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले. हंबरणं थांबलं. मात्र लोकांना ती गिटार वाटेना, म्हणून एका पोकळ गिटारच्या बाजू कापून त्याने ओंडक्याला दोन्हीकडून लावल्या. तो ओंडका ‘लॉग’ या नावाने ओळखला जातो. १९५८ साली गिब्सनने टेड मॅकार्टीच्या कारकिर्दीत ईएस-३३५ काढली. तिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे, वरच्या आणि खालच्या फळीला चिकटवलेला. पिकअप आणि ब्रिज याच ठोकळ्यावर बसतात, आणि दोन्ही बाजू पोकळ राहतात. सेमी-हॉलोमधलं ‘सेमी’ म्हणजे हा ठोकळा. तो काढला तर राहते ती निव्वळ पोकळ गिटार.

बाहेरून पाहून हा फरक कळत नाही, आणि घोटाळा इथेच होतो. एपिफोनची कॅसिनो दिसायला ३३५ची जुळी बहीण आहे. तीच दोन शिंगं, तीच एफ आकाराची भोकं. पण कॅसिनोच्या पोटात ठोकळा नाही. बीटल्समधल्या तिघांनी ती वाजवली, म्हणून तिचं नाव मोठं आहे, आणि घरात, स्टुडिओत, कमी आवाजात ती फार गोड बोलते. तीच गिटार गणेशोत्सवाच्या मंचावर, मागे ढोलकी, बाजूला मॉनिटर आणि समोर माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या भिंती असताना हाती घ्या. पहिल्या कडव्यातच हंबरेल. ज्याला ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे त्याच्या गळ्यात ठोकळा नसलेली गिटार सेमी-हॉलो म्हणून बांधणं हे त्याच्या पोटावर पाय देणं आहे. तपासायची पद्धत अगदी साधी आहे. मोबाइलचा टॉर्च एफच्या भोकातून आत मारा. मधल्या बाजूला लाकडाची सलग भिंत दिसली तर ठोकळा आहे. समोरच्या भोकातून उजेड आरपार बाहेर आला तर नाही. दहा सेकंदांचं काम. दुकानात ठेवलेल्या गिटारवर ते करता येतं, मोबाइलमधल्या फोटोवर नाही.

बी. बी. किंगसारखा माणूस एफच्या भोकांत कापड कोंबून वाजवायचा, आणि पुढे १९८० साली त्याच्या नावाची ‘ल्युसिल’ निघाली तेव्हा तिला भोकंच ठेवली नाहीत. ठोकळा असूनही जिथे ही काळजी घ्यावी लागते, तिथे ठोकळाच नसलेल्या गिटारचं काय होईल याचा विचार विकणाऱ्याने करायला नको?

आता नावांच्या वेडाबद्दल. आमच्या शहरातले चार चांगले वाजवणारे मला म्हणाले, “३३५ घ्यायची तर गिब्सनच घे, नाहीतर घेऊच नकोस.” खरी गिब्सन ३३५ आपल्याकडे तीन लाखांच्या पुढे जाते. तीन लाखांत माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष काढलं. हा सल्ला देणारे स्वतः काय वाजवतात? त्यांतल्या तिघांकडे गिब्सन नाही. परवडणारं वाद्य घेणाऱ्याला कमी लेखून या मंडळींनी किती मुलांची गिटार सुरू होण्याआधीच बंद पाडली असेल, याचा विचार केला की मला संताप येतो.

आणि ज्या नावांना नाकं मुरडली जातात, त्यांचा इतिहास काय सांगतो? एपिफोन ही स्वस्त नक्कल करणारी कंपनी म्हणून जन्मली नाही. स्टॅथोपुलो या ग्रीक घराण्याची ती न्यूयॉर्कमधली पेढी, एपामिनोन्डास ऊर्फ ‘एपी’च्या नावावरून तिचं नाव पडलं, आणि एके काळी ती गिब्सनची तोलामोलाची प्रतिस्पर्धी होती. १९५७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने ती विकत घेतली. आज एपिफोनच्या बऱ्याचशा गिटार चीनमध्ये बनतात. आयबानेझ ही जपानमधल्या नागोयाच्या होशिनो गाक्कीची. १९७०च्या दशकात तिने अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब प्रती काढल्या की गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन १९७७ साली हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात गेली. ज्याची नक्कल निकृष्ट असते, त्याच्याविरुद्ध कुणी कोर्टात जात नाही. आयबानेझची आर्टकोर ही मालिका २००२ साली आली, आणि माझ्या मते मध्यमवर्गीय वाजवणाऱ्याला ठोकळ्याची गिटार तिने जितकी हाताशी आणून दिली तितकी दुसऱ्या कुणी दिली नाही. ग्रेच स्ट्रीमलायनरमध्येही ठोकळ्याची मॉडेल आहेत. स्क्वायरची स्टारकास्टर आहे. या नावांपैकी कोणतंही घ्या. मला त्यांत डावं-उजवं करायचं नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटार शेजारी ठेवल्या तर एक वाजते आणि दुसरी खरखरते. निवड नावाची करायची नसते, समोरच्या नगाची करायची असते.

लाकडाबद्दलही असंच अज्ञान पसरवलं जातं. “फिंगरबोर्ड रोझवूडचा नाही, मॅडम, लॉरेल आहे, स्वस्तातलं लाकूड.” हे ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो आपला ऐन. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या बाजूच्या जंगलात उभा असलेला, कुठे सादडा म्हणून ओळखला जाणारा, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, गिटार कंपन्यांना कागदपत्रांचा जाच सुरू झाला, आणि त्यांनी ऐनासारखी लाकडं जवळ केली. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ऐन टिकून राहिला, कारण तो घट्ट आहे आणि काम चोख करतो. नाशिकच्या दुकानात उभं राहून ऐनाला हलकं म्हणणाऱ्याने एकदा त्र्यंबकच्या पुढे जंगलात जाऊन यावं.

आता मुख्य दुखण्याकडे येते. आपल्या महाराष्ट्रात मिरज आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यांनी तलवारी सोडून सतारी-तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेबांपासून ती परंपरा सुरू झाली आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला कारागीर वाद्य असंच हातात देत नाही. समोर बसवतो, तारा चढवतो आणि जवारी काढतो. घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तारेचा आवाज उघडेपर्यंत हे चालतं. जवारी न काढलेला तंबोरा विकला, तर त्या कारागिराचं गल्लीतलं नाव जाईल. तबला घेतानाही तेच. पुडी, गाब, वादी, गठ्ठे हे सगळं बघून, सुरात लावून घेतल्याशिवाय कुठलाही तबलजी पैसे देत नाही, आणि दुकानदारही तशी अपेक्षा करत नाही.

गिटारची जवारी म्हणजे सेटअप. नेकचा बाक, नटच्या खाचा, ब्रिजची उंची, प्रत्येक तारेची लांबी. कारखान्यातून निघालेली गिटार जहाजाने दमट समुद्र ओलांडते, गोदामात पडून राहते, मग नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात किंवा श्रावणाच्या ओलीत येऊन उघडते. वाटेत लाकूड हललेलं असतंच, यात कंपनीचा फारसा दोष नाही. म्हणूनच शेवटचा हात विकणाऱ्याने फिरवायचा असतो. हे काम न करता तंबोऱ्याचा दुकानदार तोंड दाखवू शकत नाही. गिटारचा दुकानदार मात्र सेलोटेप कापतो, बिल फाडतो आणि हात बसण्याची वाट बघायला सांगतो. पन्नास हजारांच्या वाद्याला आपण भोपळ्याच्या तंबोऱ्याइतकाही मान देत नाही, याची मला लाज वाटते.

कुणी म्हणेल, नाशिकमध्ये असं बारीक काम करणारे हात कुठून आणायचे? हे कारण मी ऐकून घेणार नाही. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला, तिथे मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमानं जुळवली गेली. सातपूरला डिझेल इंजिनांचे नोझल बनतात, ज्यांत मायक्रॉनचा फरक चालत नाही. मायको सर्कल हे चौकाचं नाव या नोझल बनवणाऱ्या कारखान्यावरूनच पडलं. अंबड-सातपूरच्या टूलरूममधून फिरून या. फिलर गेज, सरळ पट्टी, सुई-कानस हे तिथल्या माणसाच्या हाताचं रोजचं काम. या शहरात गिटारचा नट घासायला माणूस मिळत नाही, असं म्हणणं हा त्या कामगारांचा अपमान आहे. माणसं आहेत. दुकानांना ती नेमायची नाहीत, शिकवायची नाहीत, त्यांच्या कामाचे पैसे द्यायचे नाहीत.

माझी गिटार दुरुस्त केली ती आमच्या सोसायटीतल्या काकांनी. ते सातपूरच्या एका टूलरूममधून निवृत्त झाले आहेत. गिटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. मी त्यांना काय बघायचं ते सांगितलं. पहिल्या फ्रेटवर कापो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि मधे सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे? फिलर गेजची ०.२ मिलिमीटरची पात सरकायला हवी होती, सरकेना. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला, सरकली. मग तिसऱ्या तारेची खाच. “अगं, ही खाली बसलीय, बाकीच्या पाच बरोबर आहेत,” काका म्हणाले. खाण्याचा सोडा आणि फेव्हिक्विकचा थेंब टाकून खाच भरली, वाळल्यावर सुई-कानशीने नवी खाच उतरवली. कर्रर्र गेलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहाची. दुकानाला हे करता आलं नसतं?

गिटार जॅकमध्येही खरखरत होती. सेमी-हॉलो घेणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा. सॉलिड बॉडीच्या गिटारमध्ये मागचं किंवा पुढचं झाकण चार स्क्रूंनी निघतं, आतलं सगळं समोर येतं, आणि सोल्डरिंग येणारा कुणीही तारा जोडून देतो. बहुतेक सेमी-हॉलोंना असं झाकणच नसतं. व्हॉल्यूम-टोनचे चार पॉट, स्विच, जॅक, सगळं एफच्या भोकातून आत गेलेलं असतं आणि तिथूनच बाहेर काढावं लागतं. माझ्या जॅकचं नट सैल होतं. बाहेरून पिळत बसलं तर आतला जॅक गोल फिरतो, वायर पिळवटून तुटते, आणि कधी जॅक पोटात पडतो. मग विहिरीत पडलेला पोहरा काढावा तसा तो काढायचा. प्रत्येक पॉटच्या दांड्याला आधी दोरा बांधायचा, पॉट आत ढकलायचा, एफच्या भोकातून ओढून बाहेर आणायचा, काम झालं की त्याच दोऱ्याने ओढून त्याच्या भोकात परत बसवायचा. चार पॉटसाठी चार रंगांचे दोरे. माझा एक रविवार यात गेला.

म्हणून मी सांगते, या जातीच्या गिटारमध्ये शंभर-दोनशे रुपयांच्या पॉटचा दोष हजारो रुपयांच्या त्रासाला कारण होतो. घेण्याआधी अ‍ॅम्पला जोडा, चारही बटणं पूर्ण इकडून तिकडे फिरवा, स्विच तिन्ही जागी टाका, जॅकमधली वायर हलकेच हलवा. खरखर, तुटक आवाज, एखाद्या जागी शांतता, यातलं काहीही ऐकू आलं तर ती गिटार घेऊ नका, मग रंग कितीही मनात भरलेला असो. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. सहा तारा, बावीस फ्रेट, पाच मिनिटं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर एकाच उंचीवर येतात का, ते ऐका. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं बोचता कामा नयेत. शेवटी अ‍ॅम्पचा आवाज तुमच्या मंचाइतका चढवा, गिटारचं तोंड स्पीकरकडे करा आणि तारा हाताने न दाबता तसेच थांबा. हंबरते का, हे तिथेच कळेल. दुकानदाराला याचा त्रास वाटत असेल, तर वाटू द्या. तुम्ही त्याला अर्ध्या-पाऊण लाखाचा धंदा देत आहात.

पैशांची वाटणीही लोक चुकीची करतात. पन्नास हजार हातात असले तर अठ्ठेचाळीस गिटारवर उडवतात आणि उरलेल्या दोन हजारांत मिळेल तो डबडा अ‍ॅम्प उचलतात. सेमी-हॉलोचा गोलावा त्या डबड्यातून येणार कसा? पस्तीस-अडतीसपर्यंतची गिटार घ्या, दोन-तीन हजार सेटअपला बाजूला ठेवा, आणि उरलेले अ‍ॅम्प आणि हार्ड केसला. केस का? ही गिटार अंगाने रुंद असते, आणि ३३५च्या घराण्यातल्या गिटारींचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. स्कूटरच्या मागच्या सीटवर पातळ पिशवीत घालून द्वारका चौकातून नेली आणि एका खड्ड्यात आपटली, तर नटच्या मागेच तुटते. नेक चिकटवलेला असतो, बोल्ट काढून नवा लावायची सोय नसते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या दर पंधरवड्याला तव्यावर तापवून कोरड्या करा.

आता ‘परत घेतली जाणार नाही’ या पाटीबद्दल. बिल घ्या, पक्कं बिल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बिल न देणं हेसुद्धा त्यातच मोडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. मी आयोगात गेले नाही, कारण मला वाद्य वाजवायचं होतं, तारखा घ्यायच्या नव्हत्या. आज मला वाटतं, जायला हवं होतं. माझ्यासारखे सगळे आपापल्या घरी सोडा आणि फेव्हिक्विक घेऊन बसले, म्हणून ते दुकान आजही तसंच चालू आहे.

क्लास चालवणाऱ्या शिक्षकांनाही सोडणार नाही. यांतले काही जण विद्यार्थ्याला ठरावीक दुकानात पाठवतात आणि त्या पाठवण्याचे पैसे घेतात. विद्यार्थ्याच्या हाताशी वाद्य जुळतं का हे बघायला ते स्वतः दुकानापर्यंत जात नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, दोन वर्षं पैसे साठवून आलेलं, आणि गुरू त्याच्या पाठीमागे टक्का मोजतो. अशा माणसाला गुरुपौर्णिमेला हार घालू नका.

माझी मागणी फार मोठी नाही. नाशिकमधल्या प्रत्येक वाद्यांच्या दुकानाने ठोकळ्याची एक तरी गिटार तारा लावून, सेटअप करून, अ‍ॅम्पला जोडून ठेवावी. तिच्याजवळ एक स्टूल ठेवावं. येणाऱ्याला, मग तो ऑर्केस्ट्रातला असो, चर्चमध्ये वाजवणारा असो, शाळकरी असो नाहीतर बँकेतली बाई असो, अर्धा तास वाजवू द्यावं. विकलेल्या प्रत्येक गिटारचा सेटअप किमतीत धरावा आणि तो करणारा माणूस पगारावर ठेवावा.

तोपर्यंत घेणाऱ्यांनी एवढंच करावं. एकटं जाऊ नका, वाजवणारा एक माणूस सोबत न्या. स्वतःची केबल, कापो आणि मोबाइलचा टॉर्च बरोबर ठेवा. “मागवून देतो, आगाऊ भरा,” असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जा. तिथे दहा गिटार वाजवून बघा, अकरावी घ्या. आणि माझ्याच सोसायटीत किंवा आसपास कुणाकडे कर्रर्र करणारी तार असेल, तर गिटार घेऊन रविवारी सकाळी या. काका दहानंतर मोकळे असतात.